सेन्सरचा गाळा कोणाच्या हाती

मी, श्रीमती सुनीती मधुकर खातू, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा मोटारीचे सुटे भाग बनवणे, राहणार सिडको वसाहत, नवीन पनवेल, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. शुद्धीत असल्याची खात्री डॉक्टर नामदेव भगत यांनी आज सकाळी केली. त्यांनी मला वार, महिना आणि पंतप्रधानांचे नाव विचारले. मी तिन्ही सांगितले आणि शिवाय त्यांच्या रक्तदाबाच्या यंत्राचा काटा मध्येच चिकटतो हेही सांगितले. दाखला ताबडतोब मिळाला.

कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही, असे लिहायची पद्धत आहे. ते माझ्या बाबतीत तितकेसे खरे नाही. माझा मुलगा आशुतोष गेले आठ महिने ‘आई, गाळा विकून टाक’ हे एकच पालुपद लावून बसला आहे. ऐकून ऐकून माझे कान किटले. तेव्हा दडपण आहे, पण लिहिते आहे ते त्याच्या उलट. कायद्याला एवढे पुरे.

कलम १. पती वारल्यावर १९९४ साली मी एका वकिलाकडून मृत्युपत्र करून घेतले होते. त्यात वकिलाने माझे वय चुकवले, गाळ्याचा नंबर चुकवला आणि फी मात्र बरोबर लिहिली. ते मृत्युपत्र आज रद्द केले आहे.

कलम २. नवीन पनवेल येथील माझा राहता फ्लॅट आशुतोषला द्यावा. त्याने खारघरला स्वतःची जागा घेतली आहे, जिथे अजून रिक्षा यायला तयार नाही. तो इथे राहायला येईल की भाडेकरू ठेवील ते त्याचे त्याने बघावे. भाडेकरू ठेवल्यास त्याला आधी सांगावे की वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मर्जीने उघडतो आणि त्याबद्दल मी दिलेल्या चौदा अर्जांच्या पोचपावत्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर आहेत. त्या फाइलसकट फ्लॅट घ्यावा. भांडण अर्धवट सोडलेले मला आवडत नाही.

कलम ३. पोस्टातली आणि बँकेतली ठेव, माझे दागिने आणि शिलाई मशीन (मोटर सोडून, तिच्याबद्दल पुढे) माझी सून सौ. अस्मिता हिला द्यावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी व्यवस्थापक म्हणूनही मी तिलाच नेमते. आशुतोषला वाईट वाटेल. त्याने आठवून पाहावे, माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला रजा कोणी काढली होती आणि ‘मीटिंग आहे’ कोण म्हणाले होते.

कलम ४. तळोजा औद्योगिक वसाहतीतला गाळा क्रमांक सव्वीस. खरे सांगायचे तर या एका गाळ्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. बाकीच्या वस्तू मी गेल्यावर कोणीही उचलल्या असत्या तरी मला फरक पडला नसता. पण गाळ्यात आज जे बनते ते उद्या बनेल की नाही, हे तो कोणाच्या हाती जातो यावर आहे. म्हणून आधी तिथे काय बनते ते लिहिते. माझ्या मुलाला सहा वर्षांत ते नीट समजलेले नाही. तो लोकांना ‘आई काहीतरी इलेक्ट्रॉनिक्सचं करते’ असे सांगतो.

मी बावीस वर्षे ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात रेडिओचे व्हॉल्यूम कंट्रोल बनवत होते. आवाज कमीजास्त करायच्या बटणाच्या पोटात एक काळी कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावरून पितळी पत्र्याचा चिमुकला हात फिरतो. जाळीतून शाई दाबून ती पट्टी छापायच्या आणि भट्टीत भाजायच्या विभागाची मी सुपरवायझर होते. हाताखाली एकवीस बायका. १९९२ साली कारखान्याला कुलूप लागले. मालकांनी निरोप म्हणून आम्हाला प्रत्येकी एक स्टीलचा डबा दिला. बावीस वर्षांचा डबा. तो मी वापरलेला नाही, ज्याला हवा असेल त्याने न्यावा.

पुढच्या मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या आवारात आरडाओरडा ऐकू आला. आम्हाला पाण्याचे टँकर पुरवणारे कामोठ्याचे गोटीराम घरत हातात एक काळी डबी नाचवत वॉचमनपुढे बोलत होते. सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यातून त्यांनी एक जुनी जपानी गाडी विकत घेतली होती, बोटीवरच्या कोणा इंजिनिअरने सिंगापूरहून आणलेली. गाडी आचके देऊ लागली. कळंबोलीच्या हिरामण मेस्त्रींनी तपासून सांगितले की थ्रॉटल पोझिशन सेन्सर गेला, तो सिंगापूरहून येईल, तीन महिने लागतील आणि सहा हजार पडतील.

“एवरीशी डबी आन सा हजार! सोन्याची हाय का?” गोटीराम ओरडत होते.

मी म्हटले, “बघू जरा.” वर नेऊन स्वयंपाकघरातल्या सुरीने झाकण उघडले. आत कार्बनची पट्टी आणि तिच्यावर फिरणारा हात. कारखाना बंद झाल्यापासून त्या दिवशी मी पहिल्यांदा मोठ्याने हसले. पायाने ॲक्सिलरेटर किती दाबला आहे, हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगण्याचे काम ती डबी करते. पट्टी एका जागी घासून गेली होती. फिरणारा हात त्या जागेवर आला की गाडीला कळेना, पाय दाबलाय की सोडलाय. बिचारी मग आचके देणार नाही तर काय करणार! माझ्या बावीस वर्षांच्या कामाला या लोकांनी नवीन नाव ठेवले होते आणि सहा हजार किंमत लावली होती.

मी घरातल्या सामानातून एक बनवून दिला. तो अकरा दिवस चालला. रेडिओचे बटण माणूस दिवसातून चारदा फिरवतो. गाडीत ते क्षणभरही स्वस्थ नसते आणि वर इंजिनाची धग. साध्या पट्टीचे ते काम नव्हते. मग मी कार्बनची शाई नव्याने घोटली. शिलाई मशीनची मोटर काढून तिच्यावर सेन्सर बांधला आणि तो पंधरा पंधरा दिवस अखंड हलत ठेवला. स्वयंपाकघरात सतत कुरकुर आवाज. माझे पती मधुकर म्हणायचे, “बावीस वर्षं रेडिओचे कान पिळलेस, आता मोटारींचे पीळ.” असे म्हणत म्हणत त्यांनी आपल्या प्रॉव्हिडंट फंडातून हा गाळा घेऊन दिला. टिकणारा सेन्सर तयार व्हायच्या दोन महिने आधी ते गेले. इतकी घाई करायची काही गरज नव्हती. मला त्यांचा अजून राग येतो.

आज माझा सेन्सर साडेचारशे रुपयांना मिळतो आणि तीन वर्षे चालतो. पुण्यापासून सुरतेपर्यंतच्या जुन्या गाड्यांचे मेस्त्री तो मागवतात.

कलम ५. सुट्या भागांचे व्यापारी नंदकुमार यांना हा गाळा, त्यातले साचे, छपाईच्या जाळ्या किंवा शाईची कृती कोणत्याही परिस्थितीत विकू नये, भाड्याने देऊ नये, दाखवूसुद्धा नये. आशुतोष ज्यांना गाळा विक म्हणतो ते हेच गृहस्थ. त्यांनी माझे दोनशे सेन्सर घेतले, चकचकीत खोक्यात भरले, खोक्यावर जपानी दिसतील अशी अक्षरे छापली आणि अडीच हजारांना विकले. जाब विचारायला गेले तर मला चहा पाजून म्हणाले, “मॅडम, स्वस्त वस्तूवर गिऱ्हाइकाचा विश्वास बसत नाही. मी तुमच्या मालाची इज्जत वाढवली.” मी म्हटले, “माझ्या मालावर माझं नाव तरी ठेवायचं होतं.” त्यावर ते हसले. चहाही पाणचट होता.

ज्याच्याकडे नवीन गाडी घ्यायला पैसे नाहीत, त्याची जुनी गाडी चालू राहावी म्हणून ही वस्तू आहे. ती महाग केली की तिचा उपयोगच संपला. एवढी सोपी गोष्ट इंजिनिअर झालेल्या माझ्या मुलाला पटवून देताना मी हात टेकले.

कलम ६. गाळ्यात पाळायच्या गोष्टी. पुढे जो कोणी मालक होईल त्याच्यावर बंधनकारक. (अ) शाई घोटताना बोलू नये. (आ) तळोज्याला दुपारी दोननंतर समोरच्या केमिकल कंपनीचा धूर आला की छपाई बंद ठेवावी, पट्टीवर साय धरते. कंपनीकडे तक्रार करून उपयोग नाही, मी करून पाहिली. (इ) प्रत्येक सेन्सरच्या पट्टीचे माप, म्हणजे ती विजेला किती अडवते ते, मीटरवर दोन्ही टोकांना आणि मध्येही घ्यावे. मध्येही. हे मी दोनदा लिहिले आहे आणि त्याचे कारण पुढच्या कलमात आहे.

कलम ७. गाळा क्रमांक सव्वीस, त्यातली भट्टी, जाळ्या, साचे, मीटर, शिलाई मशीनची मोटर आणि धंद्याचे नाव, हे सर्व माझ्या मृत्यूनंतर सौ. उन्नती हरेश मढवी, माहेरची उन्नती गोटीराम घरत, हिला मिळावे. त्यावर दुसऱ्या कोणाचाही हक्क किंवा वाटा नाही आणि तिच्यावर कोणाचा उपकार नाही.

आशुतोष इथपर्यंत वाचून म्हणेल, “कोण उन्नती? जिला तू हाकललीस ती?” हो, तीच. आता कारण लिहिते. हे लिहायचे म्हणून मी सकाळपासून पेन तीनदा बंद केले आहे.

उन्नती १९९४ साली माझ्याकडे कामाला लागली, तेव्हा ती बारावी झाली होती. गोटीराम स्वतः घेऊन आले. छपाईची जाळी पहिल्यांदा हातात घेतली त्याच दिवशी मला कळले की हिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. कारखान्यातल्या माझ्या एकवीस बायकांत असा एक हात नव्हता. हे मी तिला एकदाही सांगितले नाही. सांगितले तर डोक्यावर बसेल, अशी माझी समजूत. सुपरवायझरच्या अशा बऱ्याच समजुती असतात.

गाळ्यात दोन प्रकारच्या पट्ट्या बनत. सेन्सरच्या, आणि एका लाउडस्पीकरवाल्यासाठी ॲम्प्लिफायरच्या व्हॉल्यूमच्या. दिसायला अगदी सारख्या. फरक असा की आवाजाची पट्टी माणसाच्या कानासाठी असते, तिचे माप सुरुवातीला हळूहळू चढते आणि शेवटी झपाट्याने. गाडीला असे चालत नाही. अर्धा पाय दाबला तर तिला अर्धाच कळायला हवा, म्हणून तिच्या पट्टीचे माप एकसारखे चढते. दोन्हींच्या टोकांची मापे एकच. गोंधळ होऊ नये म्हणून गाडीच्या पट्ट्यांच्या ट्रेवर मी ऑइलपेंटचा लाल ठिपका दिला होता. लाल ठिपका असलेला ट्रे सेन्सरला घ्यायचा, बाकीचे नाही. ही माझी पद्धत, मीच घातलेली, आणि तिचा मला फार अभिमान होता.

१९९६ च्या दसऱ्याला गाळ्यात पूजा केली. भट्टी, जाळ्या, मीटर, मोटर, सगळ्यांना हळदकुंकू. ही पूजा मी दरवर्षी स्वतः करते, दुसऱ्या कोणाला करू देत नाही. तळोज्याच्या दमट हवेत कोरडे कुंकू टिकत नाही, म्हणून त्या वर्षी तेलात कालवले आणि सगळ्या ट्रेंना एकेक बोट लावले. सगळ्या ट्रेंना. मनात आले तेही लिहिते: बाकीची हत्यारे पुजायची आणि ज्यात आपला माल राहतो त्या ट्रेंनी काय पाप केले?

दोन दिवसांनी उन्नतीने लाल ठिपक्याचा ट्रे उचलला आणि अठरा सेन्सर भरले. मीटरवर दोन्ही टोके बरोबर आली. मधले माप घ्यायला मी कोणाला शिकवलेच नव्हते, कारण माझा ठिपका होता ना.

त्यातला एक सेन्सर हिरामण मेस्त्रींनी एका गाडीला लावला. गिऱ्हाईक गाडीत बसले, हिरामण समोर उभे राहून ‘या, या’ म्हणून हात करत होते. अर्धा पाय दाबला तरी गाडी मेल्यासारखी. गिऱ्हाइकाने आणखी दाबला. गाडीने एकदम उसळी घेतली आणि हिरामणांचा उजवा पाय बंपर आणि लोखंडी टेबलाच्या मध्ये चिरडला. दोन ठिकाणी मोडला. आजही ते लंगडतात.

मी सगळे सेन्सर परत मागवले, उघडले, आणि आत आवाजाच्या पट्ट्या बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गोटीराम, हिरामणांचा भाऊ, शेजारच्या गाळ्यातले हमाल, सगळ्यांसमोर मी उन्नतीला म्हणाले, “तुला ठिपका दिसत नाही? टीव्ही बरा दिसतो!”

ती म्हणाली, “मॅडम, टिपका व्हता. मी बगूनच घेतला.”

मी म्हणाले, “एका माणसाचा पाय मोडलाय आणि वर खोटं बोलतेस?”

तिने ॲप्रन काढला, घडी घातली, भट्टीवर ठेवला आणि गेली. गोटीरामांनी हात जोडून माझी माफी मागितली. त्या माणसाने, माझी.

पुढच्या वर्षी दसऱ्याला मी पुन्हा तशीच पूजा केली. तिसऱ्या दिवशी सकाळी सेन्सर भरायला बसले आणि ठिपका बघून ट्रे उचलला. पहिली पट्टी बसवताना बोटाला तेलकट लागले. बोट लाल झाले होते. तो ट्रे आवाजाच्या पट्ट्यांचा होता. मागच्या वर्षी सेन्सर परत येईपर्यंत ट्रे पुसून झाले होते, म्हणून मला हे दिसले नव्हते. चष्मा लावून, सुपरवायझरच्या डोळ्यांनी, मी तोच ट्रे उचलला होता जो तिने उचलला होता.

त्यानंतर मी काय केले तेही लिहिते. सगळ्या ट्रेंवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवल्या, मधले माप घ्यायची पद्धत घातली, आणि तोंड शिवले. दोन वर्षे. उन्नतीच्या लग्नाची पत्रिका गोटीरामांनी घरी आणून दिली, मी तापाचे निमित्त केले. आज ती खांदेश्वर स्टेशनजवळ एस.टी.डी. बूथवर बसते. जिच्या हातातून केसाइतकी पातळ पट्टी एकसारखी छापून निघायची, ती लोकांना सुटे पैसे देते. तिथून जायचे टाळण्यासाठी मी लांबच्या रस्त्याने भाजी आणते. माझा मुलगा, व्यापारी, सेक्रेटरी, समोरची केमिकल कंपनी, सगळ्यांवर मी वैतागते, आणि सगळ्यांपेक्षा जास्त वैताग मला माझा स्वतःचा आला आहे.

तेव्हा मी जाहीर करते की चूक उन्नतीची नव्हती. कुंकू मी लावले. मधले माप मी शिकवले नाही. ती खरे बोलत होती. माझ्या मृत्यूनंतर हे कलम अस्मिताने तिच्या घरी जाऊन तिला वाचून दाखवावे.

कलम ८. माझे दिवसकार्य थोडक्यात आटोपावे. जेवणावळ घालू नये. सेक्रेटरींना बोलवावे, पण भाषण करू देऊ नये.

येथे मृत्युपत्र संपत होते. आज दुपारी हिरामण मेस्त्री आणि डॉक्टर भगत साक्षीच्या सह्या करायला येणार, म्हणून मी लिहिलेले पुन्हा वाचून काढले. कलम सात वाचताना मला माझी लबाडी दिसली. मेल्यावर माफी मागायची म्हणजे उत्तर ऐकायला आपण हजर नको, अशी ही सोय. आणि वाचायचे काम सुनेच्या गळ्यात. मी अस्मिताला फोन केला. ती म्हणाली, “आई, हे मी वाचणार नाही. तुम्ही वाचा.” म्हणूनच मी तिला व्यवस्थापक नेमले आहे.

मी गोटीरामांना निरोप पाठवला की उन्नतीला घेऊन या. चार वाजता दोघे आले. हिरामण आणि डॉक्टर आधीच बसले होते. मी उभे राहून कलम सात पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचले. मध्ये एकदा पाणी प्यायले. पुढे जे झाले ते साक्षीदारांसमोर झाले आहे, म्हणून तेही नोंदवते.

पहिले हिरामण बोलले. “म्हंजे ताई, माजा पाय तुमीच मोडला म्हनायचा.”

मी म्हटले, “हो.”

ते म्हणाले, “आन डबा घेऊन आस्पतालात रोज तुमीच येत होता. मला वाटायचं, काय माया हाय बाईची.” मग ते हसले. मला हसू आले नाही. त्या वर्षी माझी चूक मला कळलेली नव्हती, डबा मी खरेच मायेने नेत होते, पण आता ते कोणाला पटणार, आणि का पटावे?

उन्नतीने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मग म्हणाली, “मना माहीत व्हता मी खरी हाय. मना सांगून काय उपेग? तीन वर्सं बापाने मना एकदा बी इचारला नाय. तुमी सांगला, म्हनून त्याने मानला. आता त्याला सांगा.”

गोटीराम शेजारीच बसले होते. त्यांनी सगळे ऐकले होते. तरी मी त्यांच्याकडे वळले आणि म्हणाले, “गोटीरामभाऊ, तुमची मुलगी खरं बोलत होती. मी चुकले. तुम्ही हात जोडलेत ते मी घेतले, त्याची मला लाज वाटते.” आणि मी हात जोडले. त्यांनी माझ्याकडे लक्षच दिले नाही. ते मुलीकडे बघत होते. “उन्ने,” ते म्हणाले, “तू दोनदा सांगलंस मना. घरी येऊन बी सांगलंस.” मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकले. टँकरच्या ड्रायव्हरांना अख्ख्या गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात झापणारा हा माणूस. उन्नतीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग ते लहान मुलासारखे रडले. डॉक्टरांनी पेपर उघडला आणि तो उलटा धरून वाचत बसले.

चहा झाल्यावर मी विचारले, “गाळा घेशील ना?”

“मेल्यावर नको,” उन्नती म्हणाली.

मला वाटले, राग गेलेला नाही, आणि तो जावा असा माझा हक्कही नव्हता. मी म्हटले, “बरं.”

“बरं काय?” ती माझ्यावरच वैतागली. “शाई कवरी घोटायची ता कागदावर येतं काय? तुमी मेल्यावर मना कोन दाखवील, ह्ये डॉक्टर? हात चालतो हाय तवर दाखवा. आन मी चुकली तर मना सांगा, पन तुमी चुकलाव तर बी सांगा. त्याच येली. दोन वर्सांनी नको.”

इतक्या वर्षांत कोणी माझ्याशी गाळ्याबद्दल असे बोलले नव्हते. मला फार बरे वाटले. मी तिला सांगितले की तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. ती म्हणाली, “ता मना ठाऊक हाय.”

ती उद्या, सोमवारी, सकाळी नऊला गाळ्यावर येणार आहे. बूथवर तिचा नवरा हरेश बसेल. वकील म्हणतील की जिवंतपणी द्यायचे असेल तर ते मृत्युपत्रात बसत नाही, वेगळे बक्षीसपत्र करा. करू. वकिलाला या वेळी गाळ्याचा नंबर मी स्वतः लिहून देईन. आशुतोषला हे पटणार नाही, त्याने रागवावे. मी अजून आहे, समजूत घालायला वेळ आहे.

दुरुस्ती: कलम सातच्या पहिल्या वाक्यातले ‘माझ्या मृत्यूनंतर’ हे शब्द खोडून तेथे ‘उद्यापासून’ असे लिहिले आहे. खाडाखोड माझ्या हातची असून मला मान्य आहे.

ठिकाण: नवीन पनवेल
दिनांक: २१ नोव्हेंबर १९९९, रविवार

(सही) सुनीती मधुकर खातू

वरील सही आमच्यासमोर झाली. बाईंनी आधी मोठ्याने वाचून दाखवले, मग सही केली.

साक्षीदार १. (सही) डॉ. नामदेव भगत, नवीन पनवेल
साक्षीदार २. (सही) हिरामण मेस्त्री, गॅरेज, कळंबोली. पायाबद्दल माझी काही तक्रार नाही, हे बाईंनी सांगितले नसताना लिहिले आहे.